उद्या कुणाच्यात?

जपानी शिकायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, अवघड असेल तर ती भाषा असेल. पण भाषा नंतरची. आधी ती शिकवणारं माणूस शोधतानाच माझा जीव मेटाकुटीला आला.

मी नर्स. तिसगावच्या पलीकडे आमचं गाव, आणि पाथर्डीतल्या एका खाजगी दवाखान्यात माझी नोकरी. घरात आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा पुण्यात कंपनीत, बायकापोरांसह तिकडेच. आमच्या दवाखान्यात ड्युटी कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात दुसरी सिस्टर उगवेल तेव्हा सुटायचं. अशात एका मैत्रिणीची बहीण जपानला वृद्धांच्या देखभालीच्या नोकरीवर गेली आणि तिचं बोलणं ऐकून माझ्या डोक्यात किडा शिरला. घरच्यांसाठी वगैरे काही नाही. मला स्वतःला जायचं होतं, हे स्पष्टच सांगते. त्यासाठी डिसेंबरात पुण्याला जपानी भाषेची परीक्षा पास व्हायची होती. ती हुकली की सगळं पुढच्या वर्षावर.

आणि गेले तर आईचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. खाण्यापिण्याचा नाही, ते दादा बघेल. प्रश्न सावडीचा होता. आमच्याकडे थोडी जमीन, कांदा आणि बाजरी. मजूर लावून शेती परवडणारी नाही आणि मजूर मिळतही नाहीत. म्हणून आळीतल्या बायकांची सावड. आज सगळ्या तुमच्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. जितक्या जणी माझ्याकडे आल्या तितकं मी फेडायचं. एखादीला जमलं नाही तर तिने घरातलं दुसरं माणूस पाठवायचं, त्याला बदली म्हणतात. आईची बदली मी. सुट्टीच्या दिवशी मी पांढरा गणवेश धुवून वाळत घालायचे आणि आईचे दिवस फेडायला कांदे लावायला जायचे. मी नसले तर आई एकटी हाताची, आणि आईचे हात आता पहिल्यासारखे राहिले नव्हते.

तर आधी क्लास. मी नगरला गेले. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी कंडक्टरला आम्ही अजून 'एक नगर' असंच सांगतो. सावेडीत क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. एका पाटीवर फ्रेंच, जर्मन, जपानी अशी तिन्ही नावं दिसली आणि मी जिना धावतच चढले. वर एक सर कॉम्प्युटरपुढे डबा खात होते. म्हणाले, "जपानीच्या मॅडम लग्न होऊन गेल्या. तुम्ही जर्मन घ्या ना, नर्सेसना तिकडेही मागणी आहे." वांगी संपली, दोडका घेऊन जा, असा सूर. मी म्हटलं, मग पाटी तरी उतरवा. ते म्हणाले, उतरवायला माणूस मिळत नाही.

तिथून चितळे रोडला पुस्तकांच्या दुकानात. दुकानदाराने शिडी लावून वरच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, एका महिन्यात जपानी बोला अशा छापाचं. आत सगळं देवनागरीत, जपानी लिपीतलं एक अक्षर नाही. वाक्यं कसली, तर 'माझी टोपी जहाजावर राहिली.' अहो, माझी कसली टोपी आणि कसलं जहाज! मला म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवताना काय म्हणायचं ते हवं होतं. तरी मी ते पुस्तक घेतलं. रिकाम्या हाताने परतायला मन होईना.

शेवटी मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये खरं पुस्तक फाईल होऊन आलं. तिसगावच्या झेरॉक्सवाल्याने ते भर बाजाराच्या गर्दीत छापून, स्पायरल बांधून दिलं. घरी येऊन बघते तर निम्मी पानं उलटी. दुसऱ्या दिवशी परत गेले तर म्हणतो, "ताई, आता मला काय ठावं तुमची भाषा सरळ कुठून दिसती ते!" चिडले होते, पण हसू आलं. पुस्तकासोबत ऐकायचं जे असतं ते मात्र त्या फाईलमध्ये नव्हतं, आणि परीक्षेत ऐकण्याचा वेगळा पेपर असतो. म्हणजे पुन्हा शोध आलाच.

ते सगळं मिळालं पुण्याच्या एका मॅडमकडे. त्यांचा वर्ग ऑनलाईन, रोज संध्याकाळी. दोन नियम होते. कॅमेरा चालू ठेवायचा, आणि सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की बॅचमधून नाव कमी. आमच्या घरात रेंज फक्त ओट्यावर. मग ओट्यावर चटई, तांब्याला टेकवलेला दादाचा जुना मोबाईल आणि त्यापुढे मी. जाता येता माणसं थांबायची. कुणी विचारायचं, "काय म्हनती गं ती?" कुणी नुसतंच बघायचं, टीव्ही बघावा तसं. आई आतून भाकरी थापता थापता ऐकायची. कांजीची, म्हणजे जपानीतल्या त्या चित्रासारख्या अक्षरांची, कार्डं करायला तिने ट्रंकेतल्या जुन्या लग्नपत्रिका काढून दिल्या. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते. एका बाजूला 'सहकुटुंब सहपरिवार', दुसऱ्या बाजूला पाणी, आग, झाड, माणूस.

गावात बोलणं सुरू झालं ते तेव्हाच. किराणा दुकानात एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोताची आई टाकून दुसऱ्याच्या आया धुवाया चालली." मी वळून विचारलं, "तुमच्या आईला कोण धुतं हो?" जीभ माझी अशीच आहे, कुणाची बांधील नाही. पण घरी येईपर्यंत त्याचं वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं होतं, आणि ते तिथून पुढे कधी हललं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी दवाखान्यात दोन सिस्टर एकदम सोडून गेल्या. माझ्या ड्युट्या संध्याकाळच्या झाल्या. सलग दोन वर्ग बुडाले. तिसऱ्या दिवशी मी सुटून निघणार तोच अडलेली बाई आली. तिला सोडून निघणं शक्य नव्हतं. मी घाईत आईला फोन केला, "मला वर्गाला यायला जमत नाही गं, मॅडमना कळव." आणि फोन ठेवला.

आईने काय कळवावं! तिने चेहरा धुतला, नवं लुगडं नेसली, ओट्यावर चटई टाकली, मी रोज दाबते ते हिरवं बटण दाबलं आणि माझ्या जागी जाऊन बसली.

मला कळलं ते वर्गाच्या ग्रुपवरून. 'कालच्या काकू भारी होत्या,' असं एकाने लिहिलं होतं आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नाव पुकारल्यावर आईने आमच्या बोलीतलं 'हाय' म्हटलं होतं, आणि जपानीत हजेरीला तसंच म्हणतात, त्यामुळे पोरं आणखीच हसली. मग मॅडमचा फोन. त्या रागावल्या नव्हत्या, पण म्हणाल्या, "वर्गात आपल्या जागी दुसऱ्याला बसवत नाहीत हो." घरी येऊन मी आईवर सगळा जाळ काढला.

"अगं, तुला कुणी सांगितलं होतं बसायला?"

"तूच म्हनली, जमत न्हाई म्हनून. मंग काय जागा मोकळी ठिवायची? सावडीला आक्काच्या रानात तू जातीच ना माझ्या जागी?"

"तिथे हात लागतात, आई. इथे डोकं लागतं."

"व्हय? अन् मला ते न्हाई व्हय?"

ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी होतीच. आई पुन्हा बसली. मला न विचारता. या वेळी मॅडमनी तिला कॅमेऱ्यातूनच कारण विचारलं, आणि तिने सगळ्या पोरांसमोर सावड म्हणजे काय ते सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच, की माणूस चुकारपणाने आलं नाही तर नाव कमी करा, खुशाल करा; पण माणूस कामात अडकलंय आणि घराने बदली पाठवलीय, तर गैरहजेरी कशी लागते? मॅडम आधी हसल्या आणि मग विचारात पडल्या असाव्यात. मला फोन करून म्हणाल्या, "लावते हजेरी. पण काकूंनीही सगळ्यांबरोबर तोंडाने म्हणायचं, नुसतं बसायचं नाही." तेव्हापासून माझ्या संध्याकाळच्या ड्युट्यांना आई वर्गात बसायला लागली.

भाषा तिला काही फार आली नाही. उगाच कशाला सांगू? शब्द दुसऱ्या दिवशी विसरायची. घरी आले की मला अहवाल द्यायची, "आज बशीचं हुतं. बस कवा येती, किती वाजता सुटती. लाल शर्टाचं प्वार लई चुकत हुतं." त्यावरून मी पुस्तकातला धडा शोधायचे. एक शब्द मात्र तिच्या डोक्यात पक्का बसला. काम संपल्यावर बरोबर काम करणाऱ्यांना जपानी लोक 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. दमलात, कष्ट केलेत, असा त्याचा भाव. आईने तो शब्द सावडीत नेला. दिवेलागणीला वाफ्यातून बाहेर पडताना बायका एकमेकींना तोंड वेडंवाकडं करून तो म्हणायच्या आणि हसायच्या.

मी एकदा आईला विचारलं, आपल्यात काय म्हणतात गं अशा वेळी? ती म्हणाली, "आपल्यात असलं काय न्हाई. आपल्यात इचारत्यात, उद्या कुणाच्यात?"

नोव्हेंबरात कांद्याची लागण सुरू झाली. आमचं रोप आधी तयार झालं म्हणून पहिली पाळी आमची. सगळ्या जणी आमच्याकडे येऊन लावून गेल्या. आता त्यांचं फेडायचं होतं, आणि त्याच आठवड्यात आई ओल्या बांधावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर मीच घालून आणलं, आमच्याच दवाखान्यात.

परीक्षेच्या अभ्यासासाठी म्हणून मी रजा काढून ठेवली होती. ती सगळी फेडण्यात गेली. सकाळी रस्त्यावरून थोरल्या काकीची हाक यायची, "चला गं!" आणि मी निघायचे. थोरली काकी म्हणजे आईची चुलत जाऊ. आई तिला आक्का म्हणते. सावडीच्या पाळ्या तीच ठरवते. दिवसभर चिखलात वाकून रोप लावायचं आणि कानात मॅडमनी पाठवलेले जपानी संवाद. एक बाई ट्रेन चुकली म्हणून सांगते, एक म्हातारा दवाखान्याचा रस्ता विचारतो. बायकांनी धरलंच, आम्हालाही ऐकव. मग मोबाईल बांधावर ठेवून मोठ्या आवाजात लावायचा. आम्ही कमरेत वाकलेलो आणि वाफ्यावरून तो म्हातारा रस्ता विचारतोय. थोरली काकी म्हणाली, "सांगा गं त्याला कुनीतरी, कवाचं इचारतंय बिचारं." मी हसले खरी, पण एकही उत्तर बरोबर येत नव्हतं.

सगळ्यांचं फिटलं, राहिली थोरली काकी. तिची पाळी पडली रविवारी. परीक्षा रविवारीच. मी तिच्याकडे जाऊन पाळी मागेपुढे करायला सांगितलं. ती म्हणाली, पाणी त्याच दिवशीचं आहे, वीज त्याच दिवशी दिवसा आहे, मी कुठून मागेपुढे करू? खोटं नव्हतं ते. आमच्याकडे शेतीची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते आणि पाण्याशिवाय रोप लागत नाही.

"तू जा पुन्याला," आई म्हणाली. "मी जाते आक्काकडं."

"प्लास्टरचा हात घेऊन?"

"दुसरा हाय की."

मी शनिवारी दादाकडे मुक्कामाला गेले आणि रविवारी परीक्षा दिली. ऐकण्याच्या पेपरात खरंच एक म्हातारा रस्ता विचारत होता. मला थोरल्या काकीचा आवाज आठवला आणि पुढचे दोन प्रश्न कानावरून गेले.

सोमवारी बसमधून उतरले तर थोरली काकी स्टँडवरच भेटली. सरळ बाई, पोटात एक ओठात एक नाही. म्हणाली, "तुझी आई आली हुती गं काल. रोपाच्या जुड्या देत बसली. पर एका हातानं काय व्हतंय? अर्धाच रोज धरलाय म्या. राहिलेला अर्धा तू भर."

"भरते," मी म्हटलं. दातावर दात ठेवूनच.

"रागाऊ नगं. सावड मानसासंगं नसती, घरासंगं असती. तू गेल्यावं तुमच्या घरातून कोन?"

"आई आहे की."

तिने पदर खोचला आणि वाटेला लागली. मी दुसऱ्याच दिवशी रात्रपाळी करून आले ती तशीच तिच्या शेतात गेले आणि रविवारच्या पाण्यावर लावायच्या राहिलेल्या वाफ्यांत तो अर्धा दिवस भरून टाकला. झोपेने डोळे मिटत होते, पण एकही रोप वाकडं लावलं नाही. आईने मला त्या रविवारबद्दल काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हिशोब मिटला, असं मला वाटलं.

जानेवारीत निकाल आला. पास झाले, काठावर. इंटरव्ह्यू झाला, निवड झाली. आईने पेढे वाटले, थोरल्या काकीला सगळ्यांत आधी. तोपर्यंत आईचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट पूर्ण वळत नव्हतं. मी व्यायाम करून घेत होते आणि मनात मला माहीत होतं की ते आता एवढंच वळणार. मॅडमनी जाणाऱ्यांचा वेगळा वर्ग घेतला, दवाखान्यातल्या बोलण्याचा. माझी नोटीस चालू होती, ड्युट्या होत्याच, त्यामुळे आईची बदलीही चालूच राहिली. कुशीवर वळवताना काय म्हणायचं ते आईने माझ्या आधी म्हटलं.

मार्च संपता संपता कांद्याची काढणी आली. घरी असले की सकाळी रस्त्यावरून बायका जाताना दिसायच्या, डोक्याला टॉवेल, हातात विळा. थोरल्या काकीची हाक ऐकू यायची, पण पुढच्या घराशी. आमचा कांदा काढायला दादाने पुण्याहून पैसे पाठवून नेवाशाकडची मजुरांची एक टोळी लावली होती. "हात बरा न्हाई तवर बसले जरा," आई म्हणाली आणि मी ते धरून चालले. माझ्या डोक्यात व्हिसा, बॅग, आणि कांजी. माणूस स्वतःच्या धांदलीत असलं की समोरचं दिसत नाही, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना कितीदा ऐकवलंय.

शेवटच्या वर्गाच्या दिवशी माझी ड्युटी नव्हती. परवा निघायचं होतं. मी ओट्यावर चटई टाकली, तांब्याला मोबाईल टेकवला. वळून बघते तर आई तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून उभी.

"अगं आई, आज मी आहे. तू कशाला?"

ती माझ्या शेजारी चटईवर बसली. रस्त्याने सावडीतल्या बायका कामावरून परतत होत्या. त्यांनी हात केला, आईनेही केला. पुढे गेल्यावर त्या एकमेकींना विचारत होत्या, उद्या कुणाच्यात? आई त्यांच्याकडे बघतच राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला कुनी इचारत न्हाई आता. आक्का बी काय करल, आपल्या घरातून फेडनारं मानूस न्हाई ऱ्हायलं. हितं तरी हजेरी लागती."

रडावं की थोरल्या काकीच्या दारात जाऊन भांडावं, कळेना. भांडणार तरी कशावर? काकी चुकीचं काहीच बोलली नव्हती, आणि मी परवा जाणारच होते. न जाण्याचं माझ्या मनात आलं नाही, तेही खरं, आणि तेच जास्त लागलं.

मोबाईलवर एकेक चेहरा उगवायला लागला. मॅडमनी हजेरी सुरू केली. लाल शर्टाच्या पोराचं झालं, मग आणखी दोघांचं, मग माझं नाव आलं. मी उत्तर न देता चटईवर जरा मागे सरकले. मॅडमनी पुन्हा पुकारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि मोबाईलच्या जरा पुढे सरकून तिने हजेरी दिली.